साधा फोन, उभ्या ओळी: जपानी मांगा वाचण्याच्या प्रकल्प नोंदी

६ एप्रिल २०२५, अमळनेर

आज कामाची हद्द ठरली. जपानी मांगा, म्हणजे तिकडची चित्रकथा, फोनवर वाचायचा, आणि तो मूळ जपानीतच. शब्द अडला की त्यावर बोट ठेवायचं, उच्चार आणि अर्थ बघायचा आणि लगेच चित्राकडे परतायचं. फोन महागडा नको, घरोघरी असतो तसा साधा अँड्रॉइड चालला पाहिजे. नेट असलं तर बरं, पण नसलं तरी वाचन अडता कामा नये. वाचणाऱ्या तिघांपैकी दोघांना दिवसभर रेंजचा भरवसा नाही.

ते तिघे असे. भाची आता बारावीत जाईल. जपानी भाषेच्या परीक्षेची एन-फाइव्ह ही पहिली पातळी तिने पार केली आहे आणि डिसेंबरात पुण्याच्या केंद्रावर पुढची, एन-फोर, द्यायची तिची इच्छा आहे. दुसरा यावल तालुक्यातला मुलगा, घरची केळी. अ‍ॅनिमे (जपानी कार्टून) बघून बघून जपानी त्याच्या कानात बसली आहे. हिरागाना आणि काताकाना या उच्चार दाखवणाऱ्या लिप्या वाचतो, कांजी, म्हणजे चिनीतून आलेली अर्थाची अक्षरं, मोजक्या येतात. तिसरे पहूरचे काका. अजिंठ्याला येणाऱ्या जपानी पर्यटकांना लेणी दाखवायचं काम ते वर्षानुवर्षं करतात. बोलणं अस्खलित, पण शिकले ते सगळं ऐकून. वाचनाचा संबंध कधी आला नाही.

भाषांतर नको, हे मी आधीच ठरवलं आहे. कॅमेरा समोर धरला की जपानी अक्षरं पुसून त्या जागी इंग्रजी किंवा मराठी उमटवणारी अ‍ॅप्स फुकट मिळतात. प्रवासात स्टेशनचा फलक वाचायला ती उत्तमच आहेत. पण जपानी वाक्यात कर्ता बहुतेक वेळा सांगितलेलाच नसतो. कोण बोलतंय, कोणाबद्दल बोलतंय, हे मांगात चेहऱ्यावरून आणि चौकटीवरून कळतं. यंत्रापुढे संवादाच्या फुग्यातला तुकडा तेवढा असतो, म्हणून ते अंदाजाने ‘मी’ किंवा ‘तो’ बसवून मोकळं होतं. वाचणाऱ्याला तो अंदाज आहे हे कळायला काही मार्ग उरत नाही, कारण मूळ अक्षरंच झाकली गेलेली असतात. मला अक्षरं दिसत राहायला हवी आहेत.

९ एप्रिल

चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर देणारं यंत्र, म्हणजे अक्षरओळख, कुठे अडखळेल हे समजायचं तर आधी पान नीट बघावं लागतं. आज भाचीला समोर बसवून एकच पान सावकाश पाहिलं.

ओळ वरून खाली येते आणि पुढची ओळ तिच्या डावीकडे सुरू होते. चौकटी आणि फुगेही उजवीकडून डावीकडे वाचायचे. एकाच वाक्यात तीन लिप्या असतात: हिरागाना, काताकाना (दोन्हींची मूळ अक्षरं प्रत्येकी ४६) आणि कांजी. जपान सरकारच्या जोयो यादीत २०१० पासून २,१३६ कांजी आहेत आणि लेखक तेवढ्यावर थांबतीलच असं नाही. दोन शब्दांमध्ये जागा सोडायची पद्धत नाही. शाळकरी वाचकांसाठीच्या मांगात जवळजवळ प्रत्येक कांजीच्या उजव्या अंगाला तिचा उच्चार बारीक ‘काना’ अक्षरांत (हिरागाना आणि काताकाना मिळून काना) छापलेला असतो, ती फुरिगाना. छापील पुस्तक साधारण ११ बाय १७ सेंटीमीटरचं. त्यात फुरिगाना केवढी असेल याची कल्पना यावी.

मांगाच्या छपाईचा एक जुना रिवाज या कामात फार महत्त्वाचा आहे. संवादात कांजी जाड, सरळ ‘गॉथिक’ वळणाची असते आणि काना ‘अँटिक’ नावाच्या वेगळ्या वळणाचे. म्हणजे एका ओळीत दोन टाइप. जपानी वाचकाच्या नजरेला ते इतकं सवयीचं आहे की जाणवतही नाही, पण सरळ पुस्तकांवर तयार झालेल्या अक्षरओळखीला ते परकं आहे. त्यात मागे स्क्रीनटोनचे, म्हणजे चित्रातल्या छटांचे, ठिपके, फुग्याच्या कडेला चिकटलेली अक्षरं, आणि आवाजांची अक्षरं तर चित्राचाच भाग म्हणून हाताने काढलेली.

टेसरॅक्ट हा अक्षरओळखीचा जुना आणि मुक्त कार्यक्रम. १९८५ ते १९९४ या काळात तो एचपी कंपनीत घडला आणि २००५ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. उभ्या जपानीसाठी त्याची वेगळी प्रशिक्षण-फाइल मिळते. साध्या छापील पानावर ती चालते. मांगाच्या फुग्यावर फुरिगाना मूळ ओळीत मिसळते आणि वाक्याचा चुरा होतो. टेसरॅक्टचा विचार इथेच थांबवला.

१३ एप्रिल

फोनवर लगेच चालणारी साधनं बघितली.

गूगल लेन्स उभी जपानी ओळखतं आणि स्वच्छ फुग्यावर चांगलं ओळखतं. फुगा नेमका निवडून दिला तर काम होतं. पूर्ण पान दिलं तर शेजारच्या दोन फुग्यांच्या ओळी एकमेकींत जातात, आणि फुरिगाना कधी गळते तर कधी मधेच येऊन बसते.

तरंगत्या बटणाची अ‍ॅप्स वेगळी. पडद्यावर कुठेही बटण राहतं, ते दाबून हवा तो भाग चौकटीत घ्यायचा. यातली बरीचशी गूगलच्या एमएल किट या अक्षरओळखीच्या तयार संचावर उभी आहेत, जे फोनमध्येच चालतं, नेट लागत नाही. त्यात लॅटिन, चिनी, जपानी, कोरियन आणि देवनागरी अशा लिप्या आहेत. (देवनागरी त्यात आहे याचा मला मनापासून आनंद झाला. अहिराणीतल्या जुन्या छापील गोष्टी कधीतरी याच वाटेने संगणकात आणता येतील.) आयफोनवर आयओएस १६ पासून, म्हणजे २०२२ पासून, फोटोतली जपानी अक्षरं थेट निवडता येतात. आमच्यात आयफोन कुणाकडेच नाही, म्हणून त्याची चाचणी नाही.

मांगाची काही अधिकृत अ‍ॅप्स पडदा टिपूच देत नाहीत, टिपलं की काळी चौकट येते. ही सोय अँड्रॉइडमध्येच आहे आणि प्रकाशकांनी ती वापरली तर तो त्यांचा हक्क आहे. तिच्याभोवती वाट काढत बसायचं नाही. आम्ही विकत घेतलेली छापील पुस्तकं घेऊ.

२० एप्रिल

खान्देशातलं एप्रिलचं ऊन. दुपारी कॅमेरा आणि अक्षरओळख एकत्र चालू ठेवली की फोन तापतो, मंद होतो आणि पडद्याचा उजेड आपोआप उतरतो. जड काम फोनकडून करून घ्यायचं नाही, ही एक अट यादीत वाढली.

२७ एप्रिल

आजपासून कामाला खरी दिशा मिळाली. ‘मांगा-ओसीआर’ (ओसीआर म्हणजे अक्षरओळख) हा मुक्त कार्यक्रम जुन्या संगणकावर बसवला. पायथन या संगणकभाषेवर चालतो आणि पहिल्यांदा सुरू केला की सुमारे ४०० एमबीचं प्रारूप (मॉडेल) उतरवून घेतो. नंतर नेट लागत नाही.

त्याची कामाची रीत समजून घेण्यासारखी आहे. जुन्या पद्धतीत यंत्र आधी ओळ शोधतं, मग अक्षरं सुटी करतं, मग एकेक ओळखतं. मांगा-ओसीआर फुग्याचं अख्खं चित्र एकदम घेतो. एक भाग चित्र समजून घेतो आणि दुसरा भाग त्यावरून मजकूर लिहीत जातो, अक्षरामागून अक्षर. आधी काय लिहिलं हे त्याच्या ध्यानात असतं. त्यामुळे ओळी उभ्या की आडव्या, एक की चार, हे वेगळं सांगावं लागत नाही. फुरिगाना बाजूला ठेवून मूळ मजकूर तेवढा लिहायचा, हेही तो शिकलेला आहे. दोन टाइपांच्या मिश्रणाची तर त्याला अडचणच नाही, कारण तो मांगावरच वाढला आहे. त्याच्या प्रशिक्षणात मांगा-१०९ या संग्रहाचा उपविभाग वापरला आहे आणि जोडीला संगणकाने तयार केलेली नमुना-चित्रंही. मांगा-१०९ हा टोकियो विद्यापीठाच्या आइझावा प्रयोगशाळेचा संग्रह. ९४ व्यावसायिक चित्रकारांचे १०९ खंड, १९७० च्या दशकापासून २०१० च्या दशकापर्यंतचे, त्यांच्या परवानगीने संशोधनासाठी दिलेले. एवढ्या चित्रकारांनी आपलं काम अभ्यासाला दिलं म्हणून आज अमळनेरात एका जुन्या संगणकावर हे वाचता येतंय. याबद्दल मला फार कृतज्ञता वाटते.

३० एप्रिल, आखाजी

सणाला भाची घरी, सांजोऱ्या झाल्या, झोके झाले, मग दुपारी संगणकासमोर. तिने मांगा-ओसीआरला मुद्दाम मजकूर नसलेली चौकट दिली, नुसता चेहरा. त्याने शांतपणे एक सुरेख जपानी वाक्य लिहून दिलं. व्याकरण बरोबर, कुठल्याही मांगात शोभेल असं.

“मावशी, हे तर पानावर कुठेच नाही.”

नाहीच. समोर मजकूर असो वा नसो, काहीतरी ओळखायचा प्रयत्न तो करतोच, आणि भाषा येत असल्याने रिकाम्या चित्रातूनही वाक्य रचतो. कार्यक्रमाच्या कर्त्याने माहितीपत्रात हे स्वच्छ लिहून ठेवलं आहे. मजकूर लांबला की घसरण्याचा संभव वाढतो आणि हस्ताक्षर त्याला पेलत नाही, हेही तिथेच लिहिलं आहे. वाचणाऱ्याने यातून घ्यायचं ते हे की जुनी ओसीआर चुकली की कचरा देते आणि चूक दिसते. ही चुकली की गोंडस वाक्य देते आणि चूक लपते. म्हणून ओळखलेला मजकूर नेहमी चित्रावरच, चित्राच्या जोडीने दिसला पाहिजे. सुटा काढून दिलेला मजकूर मी कोणालाही वाचायला देणार नाही.

११ मे

कोणती पानं वापरायची, याचा निर्णय.

प्रत्येकाने स्वतःसाठी विकत घेतलेलं पुस्तक स्वतःच्या वाचनासाठी स्कॅन करावं आणि ती फाइल दुसऱ्याला देऊ नये. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ खासगी वापराला, त्यात अभ्यास आणि संशोधन आलंच, उचित मर्यादेत मोकळीक देतं. वाटायला देत नाही. चित्रकार एकेका पानावर रात्री घालवतो, त्याची पानं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवणं मला पटत नाही.

पण तिघांना एकच पान समोर ठेवून बोलायचं तर सामायिक मजकूर हवाच. त्यासाठी सातो शूहो यांचा ‘ब्लॅक जॅक नि योरोशिकु’ घेतला. एका शिकाऊ डॉक्टरची ही १३ खंडांची गोष्ट. लेखकाने १५ सप्टेंबर २०१२ पासून तिचा पुढचा वापर सर्वांना मोकळा केला आहे. मोठ्यांसाठीचा मांगा असल्याने सगळ्या कांजींवर फुरिगाना नाही, आणि इस्पितळातले शब्द अवघड. अवघड आहेत तेच बरं, साधनाची परीक्षा होते.

स्वतःच्या पुस्तकांसाठी स्टेशन रोडच्या झेरॉक्सवाल्या भाऊंचा स्कॅनर. त्यांनी पुस्तक उलटंपालटं करून विचारलं, “हाई काय शे भो, मांगून सुरू व्हस का?” पुस्तक मागून सुरू होतं हे त्यांनी कुणी न सांगता ओळखलं, म्हणजे पानं उलटी लागायची काळजी मिटली. तरी लिहून ठेवते: दोन पानं एकत्र स्कॅन करून मधून कापायची तर उजवा तुकडा आधीचा आणि डावा नंतरचा. कापणारे कार्यक्रम डाव्याला पहिला क्रमांक देतात, तो बदलून घ्यायचा. फाइलींना ००१, ००२ अशी शून्य लावलेली नावं द्यायची, म्हणजे १० नंबरचं पान २ च्या आधी येत नाही.

फोनने फोटो काढायचे झाले तर खिडकीजवळचा तिरपा उजेड टाळावा. पुस्तकाच्या मधल्या घडीत पडलेली सावली आणि वळलेल्या ओळी, अक्षरओळख सर्वांत जास्त तिथेच फसते.

१८ मे

एकेक फुगा कापून देणं म्हणजे वाचन नव्हे, मजुरी आहे. त्यावर उपाय ‘मोकुरो’. मांगा-ओसीआरच्याच कर्त्याचं काम. हा कार्यक्रम अख्खा खंड घेतो, प्रत्येक पानावर मजकूर कुठे आहे ते शोधतो, तो तुकडा मांगा-ओसीआरला देतो आणि आलेला मजकूर त्याच जागी अदृश्य ठेवतो, चित्रावर पारदर्शक कागद अंथरावा तसा. पान दिसतं ते मूळच. फुग्यावर बोट ठेवलं की अक्षरं वर येतात, आणि ती खरी अक्षरं असतात, निवडता येणारी.

मला हवं होतं ते नेमकं हेच: ओळखायचं काम आधीच, एकदाच, घरच्या संगणकावर. वाचायचं काम फोनवर, कधीही, कुठेही.

जुन्या संगणकाला ग्राफिक कार्ड नाही, म्हणून खंड रात्री लावायचा आणि सकाळी बघायचा. मध्ये लाइट जाते. पण मोकुरो प्रत्येक पानाचा निकाल वेगळ्या फाइलीत ठेवत जातो, त्यामुळे लाइट आल्यावर झालेली पानं सोडून पुढून सुरू होतो. आमच्यासारख्या ठिकाणी ही गोष्ट फार मोलाची आहे.

चित्रांचा आकार मोकुरोला देण्याआधीच कमी करायचा. अक्षरांच्या जागा चित्राच्या मापावर नोंदलेल्या असतात. नंतर चित्र लहान केलं तर मजकुराच्या चौकटी फुग्यावरून सरकतात.

१ जून

फोनवरची मांडणी पक्की झाली.

ब्राउझर फायरफॉक्स. डिसेंबर २०२३ पासून त्याच्या अँड्रॉइड आवृत्तीत सर्व प्रकारची विस्तारकं, म्हणजे ब्राउझरला जोडायचे छोटे कार्यक्रम, चालतात. त्यात ‘योमितान’, बोट ठेवलेल्या जपानी शब्दाचा उच्चार आणि अर्थ दाखवणारं विस्तारक. आधी हेच काम ‘योमिचान’ करत होतं. त्याच्या कर्त्याने २०२३ मध्ये काम थांबवलं आणि इतरांनी ते योमितान नावाने पुढे नेलं. मोकुरोच्या फाइली ब्राउझरमध्ये चालणाऱ्या वाचन-कार्यक्रमात एकदा आत घेतल्या की फोनच्या साठ्यात राहतात. फाइली ओटीजी केबलने पेनड्राइव्हवरून टाकल्या, नेटचा खर्च नाही.

योमितानची खुबी अशी. जपानीत शब्द सुटे नसतात, मग बोट ठेवल्यावर शब्द कुठे संपतो हे कसं कळणार? बोट ठेवलेल्या अक्षरापासून पुढचा तुकडा घेऊन तो कोशात सर्वांत लांब जुळणारा शब्द आधी शोधतो. क्रियापदाची रूपं उलगडून मूळ रूपाशी नेतो. म्हणजे ‘ताबेसासेरारेता’ अशी लांब माळ समोर आली तरी ‘ताबेरु’, खाणे, हे मूळ मिळतं आणि मधले प्रत्यय कोणते, तेही दिसतं. भाचीच्या वर्गातलं व्याकरण इथे तिच्या बोटाखाली येतं.

कोश जेएमडिक्ट, जपानी-इंग्रजी. जिम ब्रीन यांनी १९९१ मध्ये एडिक्ट नावाने सुरू केलेलं काम आता दोन लाखांवर नोंदींचं झालं आहे आणि सर्वांना खुलं आहे. साध्या फोनवर हा कोश चढायला बराच वेळ लागतो. त्या वेळात फोन चार्जिंगला लावून पडदा जागा ठेवायचा. एकदा चढला की झालं.

१५ जून

यावलच्या मुलाचा फोन आला. शेतीच्या लाइटची पाळी रात्रीची आहे, म्हणून मोटार चालू करायला वावरात मुक्काम. तिथे रेंज नाही. खाटेवर बसून त्याने पहिला खंड संपवत आणला आहे. “ताई, आधी मी फुगा स्वतः वाचतो, अडलं तरच बोट लावतो,” म्हणाला. मी काही सांगितलं नव्हतं, त्यानेच ही रीत लावून घेतली. भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये अशी रीत लावायला जागाच नसते.

त्याची अडचण वेगळी निघाली. कोशातले अर्थ इंग्रजीत. जपानी शब्दासाठी बोट ठेवायचं आणि मग इंग्रजी शब्दासाठी आणखी एक कोश उघडायचा. ही अडचण एकट्या त्याची नाही. खान्देशातल्या मराठी शाळांत शिकलेल्या कितीतरी मुलांची जपानी शिकताना हीच अडचण होते, आणि मग ‘आपल्याला भाषा जमत नाहीत’ असा समज करून घेतला जातो. इंग्रजीचं दार ओलांडल्याशिवाय जपानीपर्यंत जाताच येऊ नये, हे मला मान्य नाही.

२९ जून

पहूरला जाऊन काकांबरोबर दिवस काढला. आजची नोंद लांब होणार.

काकांना कानाने जे येतं ते थक्क करणारं आहे. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी दाखवताना ते ‘कान्नोन’ म्हणतात, जपानी लोक अवलोकितेश्वराला त्या नावाने ओळखतात. नाराच्या होर्यूजी मंदिरातल्या भित्तिचित्रांचं अजिंठ्याशी असलेलं साम्य, ती चित्रं १९४९ च्या आगीत जळाली, हे सगळं ते आदरार्थी जपानीत सांगतात. आणि यातली एकही कांजी त्यांना ओळखता येत नव्हती.

फोन हातात दिला. डॉक्टरच्या गोष्टीचं पान. कांजीवर बोट, आणि उच्चार वर आला: ‘क्यूक्यूशा’. काका एकदम म्हणाले, “अ‍ॅम्ब्युलन्स! उन्हाळ्यात लेण्यांच्या पायऱ्यांवर कुणी चक्कर येऊन पडलं की हा शब्द मीच ओरडतो.” शब्द तोंडात आधीपासूनच होता, आज त्याचा चेहरा पाहिला. मग ते थांबेनात. उच्चार दिसला की पुढचं त्यांचं त्यांना कळतं, अर्थाकडे बघतच नाहीत. योमितानमध्ये दिसण्याचे नियम आपल्याला हवे तसे लिहिता येतात. त्यांच्या फोनवर उच्चार मोठा केला आणि अर्थ बारीक करून खाली ढकलला. चष्म्याचा नंबरही आहे, मोठ्या अक्षरांचा दुहेरी फायदा.

दुपारी त्यांच्यासमोर शाळकरी वाचकांचा एक मांगा ठेवला, सगळीकडे फुरिगाना असलेला. तिथे त्यांना साधन लागेचना. फुरिगाना बोटाने ताणून मोठी करत सरळ मोठ्याने वाचत गेले. आणि वाचता वाचता त्यांनीच एक गोष्ट दाखवली: कांजी ‘उचू’ची होती, म्हणजे अंतराळ, आणि शेजारी फुरिगाना छापली होती ‘सोरा’, आकाश. मांगाकार असं मुद्दाम करतात. डोळ्याला एक शब्द आणि कानाला दुसरा. मांगा-ओसीआर फुरिगाना सोडून देतो, त्यामुळे कोश ‘उचू’ दाखवणार आणि पात्राच्या तोंडी आलेला शब्द हरवणार. यंत्राचा दोष नाही, त्याला तसंच शिकवलं आहे. पण वाचणाऱ्याला नियम सांगायला हवा: फुरिगाना छापलेली असेल तर ती प्रमाण, कोशातला उच्चार नंतर.

काकूंनी कळण्याची भाकरी आणि भरीत वाढलं तरी काकांच्या हातातला फोन सुटत नव्हता.

१३ जुलै

आवाजांच्या अक्षरांवर काम. दार आपटलं, पाऊस लागला, छाती धडधडली, हे सगळं चित्रकार चित्रातच काढतो, वाकडं, फुटलेलं, चौकटीबाहेर गेलेलं. मजकूर शोधणारा भाग त्यातलं बरंचसं सोडतो, आणि घेतलं तर मांगा-ओसीआर त्याचं भलतंच करतो. इथे यंत्र बाजूला. फोनच्या जीबोर्ड या कीबोर्डमध्ये जपानी हस्तलेखनाचा फलक आहे. बोटाने काताकाना काढायचे आणि कोशात शोधायचे. बहुतेकदा शोधायचीही गरज नसते, मराठी माणसाला धडधड, रिपरिप, खळखळ यांची सवय आहेच. चित्र बघून आवाज मोठ्याने म्हटला की काम होतं.

३ ऑगस्ट

कानबाईचा सण. घरी रोट. काम बंद.

१७ ऑगस्ट

दोन खंडांचा ओळखलेला मजकूर भाचीबरोबर पानाशी ताडून पाहिला. चुका एकाच प्रकारच्या निघाल्या, त्यामुळे पुढच्या वाचकाला सांगता येतील.

सारख्या दिसणाऱ्या जोड्या: काताकाना ‘का’ आणि शक्ती या अर्थाची कांजी, काताकाना ‘रो’ आणि तोंडाची कांजी, काताकाना ‘नि’ आणि दोनची कांजी. मांगा-ओसीआर संदर्भावरून बहुतेकदा बरोबर निवडतो, पात्रांच्या नावांत फसतो, कारण नावाला संदर्भ नसतो. ‘शि’ आणि ‘त्सु’, ‘सो’ आणि ‘न’ या काताकानांच्या जोड्या ठळक टाइपात अजून जवळ येतात. याउलट दीर्घ स्वराची रेघ आणि एकची कांजी आडव्या मजकुरात जुळ्या दिसतात, पण उभ्या मजकुरात रेघ उभी राहते आणि एक आडवाच राहतो, म्हणून तिथे घोटाळा नाही. छोटा ‘त्सु’ उभ्या ओळीत आपल्या घराच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात बसतो. तो मोठा वाचला गेला तर कोशात शब्दच सापडत नाही. शब्द सापडला नाही की आधी छोटा ‘त्सु’ तपासायचा.

नावांचा उपाय सोपा: प्रत्येक खंडाच्या सुरुवातीला पात्रांची नावं हाताने नीट लिहून ठेवायची आणि मोकुरोच्या फाइलीत शोधून बदलायची. ती साधा मजकूर असलेली फाइल आहे, कोणत्याही संपादकात उघडते.

भाची अडलेले शब्द अँकीड्रॉइड या कार्डांवरून शब्द पाठ करायच्या अ‍ॅपमध्ये टाकते, पण शब्द एकटा नाही, फुग्याचं चित्रही सोबत. चित्र बघितलं की तिला वाक्य आठवतं. परीक्षेसाठी म्हणून सुरू केलं, आता ती मांगाच्याच ओढीने करते. मला त्यात समाधान आहे.

३१ ऑगस्ट

मराठी कोशाला हात घातला. योमितान बाहेरचा कोश स्वीकारतो. एक झिप फाइल, आत कोशाची ओळख सांगणारी एक फाइल आणि शब्दांची एक. प्रत्येक शब्दाची नोंद ठराविक क्रमाने: शब्द, उच्चार, खुणा, रूपांचा नियम, वजन, अर्थ. यातला रूपांचा नियम रिकामा सोडायचा नाही. क्रियापद कोणत्या गटातलं हे तिथे लिहिलं नाही, तर मूळ रूपावर बोट ठेवल्यावर अर्थ येतो पण बदललेल्या रूपावर येत नाही, आणि मांगात क्रियापदं मूळ रूपात फार थोडी असतात.

शब्द निवडताना कोशाच्या सुरुवातीपासून चाललो नाही. दोन्ही खंडांतले वारंवार आलेले शब्द मोजून घेतले आणि त्या क्रमाने मराठी अर्थ देतो आहोत. अर्थ मी आणि भाची लिहितो, काका तपासतात. आदर कुठे कमी-जास्त होतो हे त्यांना जितकं कळतं तितकं मला नाही. इंग्रजी कोश काढलेला नाही, मराठीच्या खाली आहे. मराठी नोंद नसेल तिथे तो दिसतो.

झेरॉक्सवाल्या भाऊंच्या मुलीने विचारलं, तिलाही शिकायचं आहे. फोन बघितला, चालेल. फायरफॉक्स बसवून दिला.

पुढचं काम: भाचीचा परीक्षेचा अर्ज, परीक्षा ७ डिसेंबरला. तिसरा खंड मोकुरोला लावणे. पात्रांची नावं आधी लिहिणे. यावलच्या मुलाने त्याला सापडलेल्या पाऊस-पाणी-मातीच्या शब्दांची यादी पाठवली आहे, अर्थ त्याने स्वतः मराठीत लिहिले आहेत आणि काही ठिकाणी अहिराणीही दिली आहे. दोन्ही ठेवते. आज रात्री कोशात चढवून नवी झिप त्याला पाठवायची, तो फैजपूरला बाजाराला जाईल तेव्हा रेंजमध्ये उतरवून घेईल.